मसाज पार्लर, लायसन आणि बनावट गिऱ्हाईक: हे सगळं सुरू कुठून झालं

स्पावर धाड पडल्याची बातमी वाचली की साचा ठरलेला असतो. बनावट गिऱ्हाईक आत पाठवलं, इशारा मिळाला, पथक घुसलं, इतक्या मुलींची सुटका, मॅनेजर ताब्यात, मालक फरार. आणि मग प्रत्येक जण एकच विचारतो, अरे हा इरॉटिक म्हणजे कामुक मसाज लीगल आहे की नाही ते एकदा काय ते सांगा ना.

तर एका शब्दात सांगता येत नाही, आणि का येत नाही हे समजायला जुन्या गोष्टीत शिरावं लागतं. मसाज जवळपास सगळीकडे कायदेशीर आहे. पैसे घेऊन सेक्स कुठे चालतो, कुठे अजिबात नाही, कुठे विकणारी सुटते आणि विकत घेणारा अडकतो. इरॉटिक मसाज या दोघांच्या मधे कुठेतरी येतो आणि बहुतेक कायद्यांत त्या नावाचा गुन्हाच नाहीये. मग पोलीस आजूबाजूचं काहीतरी धरतात, कुंटणखाना चालवला, गिऱ्हाईक मागितलं, लायसन नव्हतं वगैरे. त्यातलं लायसनचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्याकडेच लोकांचं लक्ष सगळ्यात कमी जातं.

सुरुवात धरायची तर १८९४ चं लंडन. त्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलने उघड लिहिलं की पेपरात जाहिराती देणाऱ्या बऱ्याच मसाज संस्था म्हणजे प्रत्यक्षात कुंटणखाने आहेत. तेव्हा मालिश ही डॉक्टर लोकांनी सुचवायची ट्रीटमेंट होती, कितीतरी नर्सेस त्यावर पोट भरत होत्या, आणि एका फटक्यात सगळ्यांवरच संशय आला. त्यातल्या चार जणींनी त्याच वर्षी सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस (शिकून मालिश करणाऱ्या बायकांची संस्था) काढली. नियम काय केले बघा: डॉक्टरने सांगितल्याशिवाय मालिश करायची नाही, पुरुष पेशंट घ्यायचा नाही (अगदीच गरज असेल आणि डॉक्टरने सांगितलं तरच), जाहिरात करायची तर फक्त वैद्यकीय पत्रांत. या संस्थेला १९२० मध्ये रॉयल चार्टर (राजाची सनद) मिळाला आणि १९४४ पासून ती चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी झाली. म्हणजे आज ब्रिटनमध्ये ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्या पेशाची मुळं या स्कँडलमध्ये आहेत. मला त्या चौघींचं खूप कौतुक वाटतं, त्यांनी आपलं काम आणि इज्जत दोन्ही वाचवलं. पण त्याच वेळी मालिश करणाऱ्या बायकांचे दोन ढीग झाले, सर्टिफिकेटवाली आणि बिनसर्टिफिकेटची, आणि दुसऱ्या ढिगातल्या बाईला विचारायला पोलिसांशिवाय कोणी उरलं नाही. पुढे लंडन काउंटी कौन्सिलच्या कायद्यात मसाजच्या जागांना लायसन आलं.

मग प्रश्न आला की नक्की काय केलं तर गुन्हा? फक्त हाताने केलं, संभोग झालाच नाही, तर त्याला वेश्याव्यवसाय म्हणायचं का? इंग्लंडमध्ये १९६३ च्या वेब नावाच्या केसमध्ये कोर्टाने हो म्हटलं. तिथेही मसाज करणाऱ्या बायका होत्या, त्या गिऱ्हाइकांना हस्तमैथुन करून द्यायच्या, आणि बाई स्वतः पडून न राहता क्रिया करत असली तरी पैशासाठी केलेलं ते कामुक कृत्य वेश्याव्यवसायातच धरलं गेलं. पुढे केली विरुद्ध पर्व्हिस ही केस आली. पार्लरला रीतसर लायसन होतं, पोलीस गिऱ्हाईक बनून गेले, जास्तीच्या पैशात 'एक्स्ट्रा' मिळेल असं त्यांना सांगण्यात आलं, आणि कोर्ट म्हणालं की कुंटणखाना ठरायला प्रत्यक्ष संभोग व्हायलाच हवा असं नाही. जपानने बरोबर उलटं केलं. तिथल्या १९५६ च्या कायद्यात वेश्याव्यवसाय म्हणजे फक्त संभोग, त्यामुळे बाकी सगळं करणारा एक अख्खा धंदा वेगळ्या कायद्याखाली, सरकारदरबारी नोंद करून चालत राहिला. म्हणजे तीच खोली आणि तेच कृत्य, पण एका देशात केस आणि दुसऱ्या देशात नोंदणी.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मसाज पार्लर गावोगाव उघडली आणि नगरपालिका कामाला लागल्या. आत काय चालतं ते सिद्ध करणं कठीण, म्हणून त्यांनी आरोग्याच्या नावाखाली नियम केले, खोलीच्या दाराला आतून कडी नको, उजेड इतका हवा, कपडे असे हवेत, बोटांचे ठसे द्या, रात्री अमुक वाजता बंद. काही ठिकाणी तर बाईने पुरुषाला आणि पुरुषाने बाईला मसाज करायचाच नाही असा नियम आला. न्यू जर्सीतल्या चेरी हिलचं असं प्रकरण १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि कोर्टाने ते ऐकूनही घेतलं नाही, यात दखल घेण्याजोगा प्रश्नच नाही म्हणून अपील फेटाळलं. त्याच वर्षी टेनेसीतल्या फेडरल कोर्टाने मात्र नॉक्सव्हिलचा असाच नियम नोकरीतल्या समानतेच्या कायद्याविरुद्ध ठरवला. आणि हा वाद जुना झाला असं समजू नका, दिल्लीत हाच नियम २०२१ मध्ये आला आणि त्या डिसेंबरात हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली.

आता न्यूझीलंड, कारण लायसन कसं उलटतं हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९७८ च्या मसाज पार्लर्स ॲक्टने मालकाला लायसन दिलं आणि काम करणाऱ्यांच्या नावांचं रजिस्टर ठेवायला लावलं, पोलिसांना ते कधीही बघता यायचं. सेक्स विकणं हा तिथे गुन्हा नव्हताच. गुन्हा होता गिऱ्हाईक मागणं, आणि त्यासाठी पार्लरची खोली सार्वजनिक जागा धरली जायची. आता चित्र डोळ्यासमोर आणा. बंद खोली, टेबलवर टॉवेल गुंडाळून पडलेला माणूस, त्याने दारात पार्लरचे पैसे भरलेत, आत जे काही ठरेल ते बाईने स्वतः बोलायचंय कारण तिची कमाई तीच. तो माणूस पोलीस निघाला तर तिने भाव सांगितला त्या वाक्यावर केस. पार्लरमध्ये कंडोम सापडले तर तेही पुराव्यात जायचे, एड्सच्या काळात सुद्धा. आणि एकदा शिक्षा झाली की त्याच कायद्याने ती पार्लरमध्ये नोकरीला नालायक, म्हणजे चार भिंतींतून थेट रस्त्यावर. मालकाचं लायसन शाबूत. हे वाचताना मला खरंच राग येतो, कारण हे चुकून झालेलं नाही, कायद्याची कलमंच तशी एकमेकांना जोडलेली होती.

१९८७ मध्ये तिथल्या सेक्स वर्कर बायकांनी स्वतःची संघटना उभी केली आणि पुढची सोळा वर्षं त्या हेच समजावत राहिल्या. २५ जून २००३ ला संसदेत मतदान झालं, ६० विरुद्ध ५९, एक जण तटस्थ. एका मताने १९७८ चा कायदा गेला आणि सेक्स वर्क कामगार आणि आरोग्याच्या नियमांखाली आलं.

पोलिसांच्या बाजूने काय घडलं ते बघायचं तर ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड. कागदावर धंद्याला बंदी, प्रत्यक्षात ब्रिस्बेनमध्ये मसाज पार्लरच्या पाट्या लावून बिनधास्त सुरू, आणि मधे हप्ता. हप्त्याच्या त्या पद्धतीला पोलिसांतच नाव होतं, 'द जोक'. १९८७ मध्ये पेपरात आणि टीव्हीवर हे बाहेर आलं, टोनी फिट्झगेराल्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली, दोन वर्षं चालली, आणि शेवटी पोलीस कमिशनर टेरी लुईस यांना १९९१ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. ज्या गोष्टीवर बंदी आहे पण मागणी आहे आणि धाड कुणावर टाकायची हे एकाच खात्याच्या हातात आहे, तिथे हप्ता सुरू व्हायला वेळ लागत नाही. थायलंडमध्ये २००३ ला एका मसाज पार्लर मालकानेच आपण पोलिसांना पैसे चारत होतो असं जाहीर सांगितलं, नंतर तो खासदारही झाला.

अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड हा मजेशीर नव्हे तर शिकण्यासारखा अपवाद. १९८० मध्ये रस्त्यावरच्या धंद्यासाठी कायदा बदलताना शब्द असे पडले की घरातला, बंद दाराआडचा व्यवहार गुन्ह्यातून निसटला. २००३ मध्ये तिथल्या प्रॉव्हिडन्स शहराच्या पोलिसांनी स्पांवर धाडी टाकल्या तेव्हा त्या केसेस कोर्टात टिकल्या नाहीत. २००९ मध्ये ती फट बुजवली.

याच काळात धाडींची भाषा बदलली. आधी अनीती म्हणायचे, आता मानवी तस्करी म्हणतात. तस्करी खरी आहे, पासपोर्ट काढून घेतलेल्या, कर्जात अडकवलेल्या बायका खऱ्या आहेत आणि त्यांच्यासाठी पोलीस हवेतच. पण २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या ज्युपिटरमध्ये काय झालं? तस्करीचा मोठा गवगवा करून एका स्पात छुपे कॅमेरे बसवले, साधा मसाज घ्यायला आलेल्या लोकांचेही कपडे काढतानाचे व्हिडिओ निघाले, आणि नंतर सरकारी वकिलानेच कोर्टात सांगितलं की इथे तस्करीचा पुरावा नाही. व्हिडिओ पुराव्यातून बाद झाले, २०२० मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं.

न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये धाडीच्या वेळी एक चिनी बाई चौथ्या मजल्यावरून पडून मेली. तिच्या मृत्यूनंतर स्थलांतरित मसाज कामगार बायका संघटित झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी वेश्याव्यवसाय आणि विनालायसन मसाज या दोन्हींचे खटले चालवणं थांबवलं आणि पडून असलेल्या ९१४ केसेस काढून टाकल्या. पण कायदा अजून पुस्तकात आहे. न्यूयॉर्क राज्यात सेक्स विकण्याला जास्तीत जास्त तीन महिने कैद, आणि लायसनशिवाय मसाज करणं फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, त्याला चार वर्षांपर्यंत.