डिफरन्शियल कोणत्या सुरात वाजतोय ते आधी ऐका

"फोर बाय फोर आहे ना, मग आवाज असणारच." हे वाक्य मी इतक्या गॅरेजांत ऐकलंय की आता ते ऐकलं की राहवत नाही. दुसरं टोक म्हणजे साठच्या पुढे जरा घुंईऽऽ ऐकू आलं की लगेच "गिअरबॉक्स गेला, उतरवायला लागणार". दोन्ही वाक्यांत आवाज कुणी मोजलेलाच नसतो. आणि गंमत म्हणजे हा आवाज मोजता येतो, खिशातल्या मोबाईलवर, शाळेतल्या गुणाकारावर.

पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत ज्या विलिस जीप जोडायला सुरुवात झाली त्यांच्यात स्पायसर १८ नावाचा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, असायचा, आणि त्याची रचनाच अशी की मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) बाजूला सरकवलेला, त्यामुळे टू व्हीलमध्ये चालवतानासुद्धा सगळी ताकद गिअरच्या दातांमधूनच जायची. म्हणजे त्या जीपचा आवाज हा खरंच तिचा स्वभाव होता. नंतरच्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये टू-एचला, म्हणजे नुसती मागची चाकं चालवताना, ताकद सरळ आरपार जाते, दातांवर भारच येत नाही, पण "असणारच" हे वाक्य मात्र जुन्या जीपबरोबर रिटायर झालं नाही.

आता मोजणी. गिअरचा एक दात दुसऱ्या दातात शिरतो तेव्हा बारीकसा धक्का बसतो. सेकंदाला जितके दात एकमेकांत शिरतील तितके धक्के, आणि तीच त्या आवाजाची फ्रीक्वेन्सी. सूत्र एवढंच, दात गुणिले सेकंदाला फेरे. समजा तुमच्या गाडीला २३५/७० आर १६ टायर आहेत आणि डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गोळ्यातल्या गिअरजोडीचा, रेशो ४.१ आहे, म्हणजे क्राऊनला (चाकांबरोबर फिरणारा मोठा गिअर) ४१ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणारा शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर) १०. टायरचा परीघ साधारण २.३१ मीटर येतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ७.२ वेळा फिरतं. गुणिले ४१, झाले साधारण २९६ हर्ट्झ. पिनियनकडून मोजा, तो ४.१ पट जोरात फिरतो म्हणजे सेकंदाला २९.६ फेरे, गुणिले १०, तेच २९६. दोन्हीकडून उत्तर एक यायलाच पाहिजे कारण धक्का दोघांच्या मधोमध बसतोय. टायर भाराने थोडा दबतो म्हणून दोन-तीन टक्के इकडेतिकडे धरायचं.

२९६ हर्ट्झ म्हणजे पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी दोन, जवळजवळ तंतोतंत. स्पीड ६० वरून ९० केला की फ्रीक्वेन्सी दीडपट होते, आणि दीडपट म्हणजे सा चा पंचम. ४० वरून ८० केला की बरोब्बर तार सा. घरात कुणी गाणारं असेल तर त्याला गाडीत बसवा, "हा क्राऊनचा आवाज आहे का" याचं उत्तर तो मोबाईलशिवाय देईल. गाणारं कुणी नसेल तर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट ॲप चालतं. फक्त गाडी शेजारच्याने चालवायची, मोबाईल दुसऱ्याने धरायचा, आणि स्पीड मीटरवरचा न घेता जीपीएसचा घ्यायचा, कारण गाडीचे मीटर सहसा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच स्पीड दाखवतात आणि त्या फरकाने गणित चुकतं.

ॲपवर ५९ हर्ट्झच्या आसपास एक जाड रेघ दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा, ती इंजिनाची. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, आणि जिथे चौथा गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे ताकद दातांमधून न जाता सरळ पुढे जाते, तिथे चौथ्यात इंजिनही पिनियनइतकेच २९.६ फेरे मारतंय. मग स्पीड तसाच ठेवून तिसऱ्यात या. इंजिनाची रेघ वर सरकेल. घुंई जर जागची हलली नाही तर इंजिन, अल्टरनेटर, स्टिअरिंग पंप आणि गिअरबॉक्सचे निम्मे-अधिक भाग एका फटक्यात सुटले. आणि तिसऱ्यात घुंई आली पण डायरेक्ट चौथ्यात गायब झाली तर शंका गिअरबॉक्सवर, कारण डायरेक्टमध्ये तिथल्या दातांवर भारच नसतो. एवढं करायला दहा मिनिटं आणि एक मोकळा सरळ रस्ता लागतो, गिअरबॉक्स उतरवायला किती लागतं ते तुम्हाला माहितीये.

आता मला ज्यावर बोलायचं होतं ते. दात एकमेकांत शिरताना धक्का का बसावा? गणिताप्रमाणे दातांचा आकार असा काढलेला असतो की पिनियन एकसारखा फिरला तर क्राऊनही एकसारखाच फिरायला पाहिजे. प्रत्यक्षात दात भाराखाली वाकतो, बेअरिंग दबतं, घासण्यात काही मायक्रॉनचा फरक राहतो, आणि क्राऊन आपल्या जागेपेक्षा कणभर पुढे, कणभर मागे होत फिरतो. इंजिनियर याला ट्रान्समिशन एरर म्हणतात. तो प्रत्येक दाताला एकदा येतो, त्यातून दातांवरचं बल हलतं, ते बेअरिंगमधून हौसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचात, तिथून स्प्रिंगच्या पाट्यांमधून बॉडीत, आणि शेवटी गाडीचा पत्रा तो आवाज तुमच्या कानापर्यंत पोचवतो. म्हणजे दोष मायक्रॉनमध्ये आणि वाजतो आख्खा पत्रा! म्हणूनच मागच्या सीटवर बसून "आवाज इथूनच येतोय" असं बोट दाखवण्याला फार अर्थ नसतो.

त्यात डिफरन्शियलचे दात हायपॉइड असतात, म्हणजे पिनियनची रेष क्राऊनच्या मध्यातून न जाता खालून किंवा वरून जाते. १९२० च्या दशकात पॅकार्डने हे मोटारीत आणलं, त्याने शाफ्ट खाली बसला आणि एकावेळी जास्त दात पकडीत राहून आवाज कमी झाला. पण किंमत अशी की दात नुसते लोळत नाहीत, घसरतात, दाताच्या लांबीभर घसरतात, म्हणून तिथे जीएल-५ दर्जाचं, गंधक-फॉस्फरसवालं वासाचं तेल लागतं. पिनियन ०.०५ मिलिमीटर पुढेमागे झाला तरी दात जिथे टेकतो तो ठिपका सरकलेला दिसतो. दातांना मार्किंगचा रंग लावून, हाताने फिरवून तो ठिपका बघायचा असतो, आणि ज्या कारागिराने शिम (पिनियनची जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) टाकताना हा रंग लावलाच नाही त्याच्याकडचा नवा क्राऊन-पिनियनसुद्धा वाजेल.

दाताला दोन बाजू असतात. ॲक्सिलरेटर दिला की बाहेर फुगलेली बाजू टेकते, सोडला की आत गेलेली. म्हणून घुंई फक्त पाय दाबल्यावर येते, का फक्त सोडल्यावर, हे गॅरेजवाल्याला सांगाच. फक्त सोडल्यावर येत असेल तर पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला घट्टपणा, गेलाय, पिनियन मागेपुढे होतोय, हा पहिला संशय. पुढच्या ॲक्सलला हे उलटंही असू शकतं. मागच्यासारखेच कापलेले दात पुढे बसवले असतील तर गाडी पुढे ओढताना ते आतल्या बाजूवर चालतात, म्हणून काही ठिकाणी मुद्दाम रिव्हर्स कटचे, म्हणजे उलट्या दिशेने कापलेले, दात वापरतात. हे वाचताना डोक्यात चित्र उभं राहिलं नाही तर सोडून द्या, "दाबल्यावर की सोडल्यावर" एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बेअरिंगचं गणित पूर्णांकात बसत नाही. रोलरचा पिंजरा शाफ्टच्या साधारण ४० टक्के वेगाने फिरतो, त्यामुळे पिनियनचं १७ रोलरचं बेअरिंग बाहेरच्या रिंगला खराब झालं असेल तर वरच्याच स्पीडला ते २०० हर्ट्झच्या आसपास बोलतं, आणि सूर स्वच्छ नसतो, घरघर असते. चाकाचं बेअरिंग असेल तर वळणावर कळतं, डावीकडे वळताना भार उजवीकडे जातो आणि उजवं बेअरिंग जोरात बोलतं. मड टायर असतील तर डांबरी रस्त्यावरून एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर गेलं की आवाजाचा पोत बदलतो. क्राऊनला मात्र खाली डांबर आहे का काँक्रीट याच्याशी देणंघेणं नाही.

फोर व्हीलचा फायदा असा की आख्खा पुढचा भाग बंद-चालू करता येतो. फ्री व्हील हब (पुढची चाकं त्यांच्या ॲक्सलपासून सोडवणाऱ्या कळा) असतील तर ते उघडे करा, टू-एचमध्ये पुढचा क्राऊन आणि पुढचा शाफ्ट जागेवर थांबतात. आवाज गेला तर चोर पुढे. तपासायला फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद, लावायचं असेल तर मातीच्या रस्त्यावरच लावा, कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मधला फरक सोडायला जागा नसल्याने सगळं पीळ भरून बसतं.

"आवाज बंद करणाऱ्या" बाटल्या मिळतात, त्या घेऊ नका. घासलेला दात बाटलीने भरून येत नाही, तेल जाड झालं की आवाज काही दिवस दबतो आणि तेवढ्यात जुनी गाडी विकून माणूस मोकळा होतो. हौसिंगमध्ये लाकडाचा भुसा घालायची युक्तीही त्याच जातीची. आणि बंपरला लिंबू-मिरची दर शनिवारी बदलणाऱ्या घरात डिफरन्शियलचं तेल वर्षानुवर्षं बदललेलं नसतं तेव्हा खरंच वाईट वाटतं.

पावसाळ्यात कोकणात उतरून ओढ्यात गाडी घालणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं. चालून तापलेलं हौसिंग गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते, ब्रीदर (हौसिंगची हवा आत-बाहेर करणारी छोटी नळी) चिखलाने बंद असेल तर ती सीलमधून पाणी आत ओढते. पाणी मिसळलेलं तेल दुधाळ होतं आणि घसरणाऱ्या दातांमध्ये त्याचा थर टिकत नाही. फिलर प्लग उघडून करंगळी आत घाला. तेल तपकिरी आणि तळापर्यंत पारदर्शक असेल तर ठीक, दुधाळ असेल तर त्याच दिवशी काढा, आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बोटांत चोळून बघा. काळी मऊ पेस्ट नेहमीची झीज असते, टोचणारे चकचकीत तुकडे निघाले तर गाडी तिथेच उभी करा.