संवर्धन विज्ञानातील पीएच.डी.-उत्तर अधिछात्रवृत्ती

पीएच.डी. पूर्ण झाल्यानंतर, पण कायम पद मिळण्यापूर्वीच्या काळात, जैवविविधतेच्या संरक्षणाशी निगडित स्वतंत्र संशोधन करण्यासाठी नवोदित शास्त्रज्ञाला ठरावीक मुदतीकरिता वेतन व संशोधनखर्च पुरवणारी योजना. मुदत बहुधा दोन वर्षांची असते. प्राध्यापकाच्या प्रकल्पनिधीतून नेमलेला पोस्टडॉक (पीएच.डी.-उत्तर संशोधक) साधारणपणे त्या प्रकल्पाचाच प्रश्न सोडवतो. अधिछात्रवृत्तीत मात्र प्रश्न उमेदवाराने स्वतः मांडलेला असतो आणि निवड त्या प्रस्तावावरच होते.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मायकेल सूले यांनी १९८५ मध्ये संवर्धन जीवशास्त्राचे वर्णन संकटाशी सामना करणारी ज्ञानशाखा असे केले, कारण येथे माहिती अपुरी असतानाही निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय घेणारे अधिकारी सहसा विद्यापीठाबाहेर असतात. संशोधक आणि निर्णयकर्ते यांच्यातील हे अंतर कमी करणे हा या क्षेत्रातील काही अधिछात्रवृत्त्यांचा खरा विशेष होय. अमेरिकेत १९९८ मध्ये स्थापन झालेली डेव्हिड एच. स्मिथ अधिछात्रवृत्ती हे त्याचे ठळक उदाहरण. तिला ज्यांचे नाव आहे ते स्मिथ संवर्धनशास्त्रज्ञ नव्हते. ते बालरोगतज्ज्ञ होते आणि बालकांमधील मेंदूज्वराला कारण ठरणाऱ्या हिब जिवाणूवरील लस विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या योजनेत अर्जदाराला एक मार्गदर्शक विद्यापीठातील आणि दुसरा प्रत्यक्ष संवर्धनकार्य करणाऱ्या संस्थेतील किंवा शासकीय विभागातील असे दोघे निवडावे लागतात. संशोधनाचा प्रश्न दुसऱ्या मार्गदर्शकाच्या गरजेतून यावा आणि पद्धतीची काटेकोर पारख पहिल्याने करावी, अशी ही योजना. कॅनडातील लिबर एरो अधिछात्रवृत्तीही संवर्धनासाठीच आहे.

युरोपीय संघाची मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी अधिछात्रवृत्ती सर्व विद्याशाखांना खुली असून तिच्यात देश बदलण्याची अट असते. प्रयोगशाळेतील संशोधकाला ही अट फारशी जाचत नाही; परंतु एखाद्या भूभागातील प्रजाती, माणसे आणि अधिकारी यांची ओळख वर्षानुवर्षे जोडलेल्या संवर्धनशास्त्रज्ञाला ती महाग पडू शकते.

मुदतीची अडचण याहून मूलभूत आहे. हत्तीणीचा गर्भकाळच सुमारे २२ महिन्यांचा असतो. अशा प्राण्याच्या संख्येतील चढउतार दोन वर्षांच्या नव्या निरीक्षणांतून कळणे अवघडच. त्यामुळे अनेक अधिछात्र जुन्या दीर्घकालीन नोंदी, उपग्रहचित्रे आणि संगणकीय प्रतिमाने (मॉडेल) यांवर भिस्त ठेवतात, आणि नव्याने गोळा करायची माहिती एखाद-दोन हंगामांत उत्तर देऊ शकेल अशा प्रश्नापुरती राखतात.