बॅकलिंक

एका संकेतस्थळावरून दुसऱ्याकडे जाणारा दुवा हा त्या दुसऱ्या स्थळाच्या दृष्टीने बॅकलिंक. वाचकाला तो नुसता रस्ता वाटतो. शोधयंत्र त्याला शिफारस मानते, आणि शिफारशीला भाव आला की ती विकायला येतेच. शोधात आपले पान वर आणून देण्याच्या, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा एसईओ, या व्यवसायातला बराचसा पैसा याच एका गोष्टीभोवती फिरत आला आहे.

नव्वदच्या दशकातील शोधयंत्रे मुख्यतः पानावरचा मजकूर बघत. पार्श्वभूमीच्याच रंगात एखादा शब्द शंभरदा लिहून ठेवला, तरी पान वर चढण्याची शक्यता असे. १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पानाची योग्यता इतर पानांना विचारायचे ठरवले. प्रकल्पाचे पहिले नावच ‘बॅकरब’ होते. त्याचेच पुढे गूगल झाले. शोधनिबंधाचे महत्त्व त्याचा दाखला किती जणांनी दिला यावरून जोखायची पद्धत तशी जुनीच. पेज-ब्रिन यांच्या पेजरँक या मोजणीने दाखला देणाऱ्याचेही वजन मोजले. मूळ सूत्रात पानाचे वजन बाहेर जाणाऱ्या दुव्यांत समान वाटले जाते: दहा दुवे असतील, तर प्रत्येकाला दहावा हिस्सा. म्हणून नावाजलेल्या वृत्तपत्राचा एक दुवा कुणाला माहीत नसलेल्या शेकडो पानांना भारी पडू शकतो.

दुव्यावर जे शब्द असतात त्यांनाही वजन असते. २००३ मध्ये असंख्य लोकांनी ठरवून ‘मिझरेबल फेल्युअर’ (दारुण अपयश) या शब्दांवर व्हाइट हाउसच्या स्थळावरील जॉर्ज बुश यांच्या चरित्राचा दुवा दिला आणि गूगलमध्ये ते शब्द टाकले की बुशसाहेब पहिले येऊ लागले. हा खोडसाळपणा आटोक्यात आणायला २००७ उजाडले.

बाजाराला खरा जोर दिला तो गूगलनेच. २००० साली आलेल्या, ब्राउझरमध्ये बसवायच्या त्याच्या टूलबारवर प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा असा हिरव्या पट्टीत दिसे. विक्रेत्यांना आयता भावफलक मिळाला! ती पट्टी २०१६ मध्ये बंद झाली, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. दरम्यान ब्लॉगांच्या प्रतिक्रियांत दुवे पेरणाऱ्यांना आवरण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. ती लावलेला दुवा वाचकाला नेहमीसारखाच चालतो, पण शिफारस म्हणून सहसा धरला जात नाही.

विकतच्या दुव्यांचे सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीचे. २०१० च्या नाताळ हंगामात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक शोधांत ती पहिली येत होती. विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या हजारो पानांवर तिचे दुवे लावलेले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे उघड केले. कंपनीने मात्र हे दुवे आपण लावले नसल्याचे सांगितले. गूगलने कारवाई केली तेव्हा सॅमसोनाइट बॅगांच्या एका शोधात ती पहिल्या क्रमांकावरून दोन तासांत एकाहत्तराव्यावर गेली.

गूगलने क्रम लावण्याच्या पद्धतीत एप्रिल २०१२ मध्ये केलेल्या ‘पेंग्विन’ या बदलाने असे दुवे मिरवणाऱ्या स्थळांना यंत्रानेच खाली ढकलायला सुरुवात केली. मग पैसे देऊन घेतलेले दुवे काढून घ्या, अशी विनवणी करण्याची पाळी अनेकांवर आली. प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम वाईट दुवे लावले तर काय, हा प्रश्नही निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नको असलेले दुवे नाकारण्याची सोय गूगलने दिली. २०१६ पासून पेंग्विन सहसा शिक्षा करत बसत नाही, संशयित दुव्याचे वजन तेवढे शून्य धरतो. तरीही ‘गेस्ट पोस्ट (पाहुण्याचा लेख) छापाल का, दुव्याचे पैसे देऊ’ अशा इमेल ब्लॉग चालवणाऱ्यांना येतच असतात.