पेपरच्या तळटीपेत राहिलेली माणसं

कुणी एखादी चूक दाखवून देतं, कुणी सॅम्पल पाठवतं, कुणी दोन दिवस बसून दुसऱ्याचा कोड नीट करून देतं, आणि संशोधनाचा पेपर छापून येतो तेव्हा या सगळ्यांचं मिळून शेवटी एक वाक्य होतं, तेही होईलच असं नाही. अशा मदतीला किंमत कशी द्यायची यावर आता बरंच बोललं जातंय, पण हे दुखणं साडेतीनशे वर्षांचं आहे.

सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने हवेवर जे प्रयोग केले त्यातला पंप रॉबर्ट हूकने बनवला होता. हूक पुढे स्वतःच मोठा शास्त्रज्ञ झाला म्हणून त्याचं नाव टिकलं, पण बॉइलकडे उपकरणं चालवणारी, भट्टी सांभाळणारी, नोंदी ठेवणारी बाकीची जी पगारी माणसं होती त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्यापर्यंत आलेली नाहीत. ज्याने पैसे दिले आणि ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात त्याचं काम, अशीच तेव्हा समजूत होती. इतिहासकार स्टीव्हन शेपिन यांनी १९८९ मध्ये या लोकांवर लिहिताना त्यांना 'अदृश्य टेक्निशियन' म्हटलं आणि तो शब्द तेव्हापासून रूढ झाला. अपवाद अर्थात होते. मायकेल फॅरडेने १८४५ च्या आपल्या पेपरात तळटीप टाकून अँडरसन या आपल्या असिस्टंटचे आभार मानले, आणि नुसतं नाव नाही टाकलं, तर काचेच्या प्रयोगांपासून हा माणूस माझ्यासोबत आहे असंही लिहिलं. फॅरडे स्वतः हम्फ्री डेव्हीचा असिस्टंट म्हणून सुरू झाला होता, मला वाटतं त्याला ते आठवत असणार.

आता अगरची, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाची गोष्ट, कारण यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १८८१ च्या सुमारास जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये बॅक्टेरिया जिलेटीनवर वाढवायचे, पण जिलेटीन उबदार हवेत वितळायचं आणि काही बॅक्टेरिया तर ते खाऊनच पातळ करायचे. तिथे काम करणारे वॉल्टर हेसे याच त्रासाला वैतागले होते. त्यांची बायको फॅनी, जी त्यांच्या कामातली चित्रंही काढून द्यायची, तिला घरी जेली करताना अगर वापरायची सवय होती आणि ही युक्ती तिला जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजारणीकडून कळली होती. तिने सुचवलं अगर वापरून बघा. अगर एकदा घट्ट झालं की उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवल्याशिवाय परत वितळत नाही, म्हणजे शरीराच्या तापमानाला बॅक्टेरिया आरामात वाढवता येतात. कॉखने १८८२ च्या क्षयरोगाच्या पेपरात अगरचा उल्लेख केला, हेसे दांपत्याचा नाही केला. ज्युलियस पेट्रीने १८८७ मध्ये झाकणाची बशी मांडली तिला आजही पेट्री डिश म्हणतात, आणि त्या बशीत जे ओततात ते मात्र नुसतंच अगर. आणि त्या शेजारणीचं तर नावसुद्धा कुणी नेहमीच्या कथेत घेत नाही!

मोजमापाचा घोळ इथेच आहे असं मला वाटतं. सुचवायला दोन मिनिटं लागली असतील, पण परिणाम शंभर वर्षांहून जास्त चाललाय, मग ही मदत छोटी की मोठी?

जेरी डोनोह्यूचंही असंच. १९५३ च्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये हे रसायनशास्त्रज्ञ, डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसन आणि क्रिकसोबत एकाच खोलीत बसायचे. वॉटसन पाठ्यपुस्तकातले बेसचे, म्हणजे डीएनएमध्ये जोडीने बसणाऱ्या रेणूंचे, आकार घेऊन जोड्या जुळवत होते, डोनोह्यूंनी सांगितलं की पुस्तकातली ही रूपं चुकीची आहेत, ग्वानिन आणि थायमिन या बेसची कीटो रूपं, म्हणजे हायड्रोजनचा अणू वेगळ्या जागी असलेली रूपं, धर. ती धरल्यावर लवकरच जोड्या जुळल्या. त्या प्रसिद्ध पेपरच्या शेवटी डोनोह्यूंचे आभार आहेत, सतत दिलेल्या सल्ल्याबद्दल आणि विशेषतः अणूंमधल्या अंतरांबद्दल. म्हणजे नाव आहे, पण नेमकं काय केलं ते त्या वाक्यावरून कळतच नाही. ज्यांच्या एक्स-रे चित्रांचा डीएनएच्या या शोधाला उपयोग झाला त्या रोझलिंड फ्रँकलिनबद्दल आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते इथे परत सांगत नाही.

मग आले कॉम्प्युटर. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या लॅबमध्ये मॅनियाक या कॉम्प्युटरवर फर्मी, पास्ता आणि उलाम या शास्त्रज्ञांनी स्प्रिंगने जोडलेल्या कणांची साखळी सोडवून बघितली, अपेक्षा होती की ऊर्जा हळूहळू सगळीकडे सारखी पसरेल, पण ती फिरून जवळपास मूळ जागी परत आली आणि त्यातून भौतिकशास्त्राची एक मोठी शाखाच पुढे वाढली. प्रोग्रॅम मेरी त्सिंगू यांनी लिहिला. १९५५ च्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर साफ लिहिलंय की काम केलं चौघांनी, रिपोर्ट लिहिला तिघांनी. हे पान माझ्या मनाला फार लागतं, कारण कुणी काही लपवलेलं नाही, सगळं समोर आहे, तरी प्रश्नाला नाव पडलं ते लिहिणाऱ्या तिघांचंच. २००८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ थिएरी दोशुआ यांनी त्सिंगूंचं नाव जोडा असं मांडलं आणि आता बरेच लोक चार नावं घेतात. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झच्या १९६३ च्या केऑसच्या, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या फरकाने पुढे सगळंच बदलतं या कल्पनेच्या, पेपरातही आकडेमोड करणाऱ्या एलन फेटर फक्त आभारातच आहेत. पॉप्युलेशन जेनेटिक्सच्या, म्हणजे सजीवांच्या समूहांमधल्या आनुवंशिकतेच्या, एका जर्नलचे १९७० ते १९९० चे अंक काही संशोधकांनी नंतर तपासले तेव्हा लेखकांमध्ये बायका ७ टक्क्यांच्या आसपास आणि आभार मानलेल्या प्रोग्रॅमरमध्ये ४३ टक्के निघाल्या.

याच काळात लेखक कुणाला म्हणायचं याचे नियम बनले. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांचा गट १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमला होता, त्यांनी १९८५ मध्ये लेखकत्वाचे निकष दिले. उद्देश चांगला होता, विभागप्रमुख काहीच न करता नाव घुसडतो ते थांबवायचं. पण निकषात पेपर लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची दुरुस्ती करणं आलं, आणि ज्याला लिहायला कुणी बोलावतच नाही तो टेक्निशियन आपोआप बाहेर राहिला. फुकटात नाव घेणारे त्यामुळे किती कमी झाले देव जाणे. दुसरीकडे २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाच्या एका पेपरला पाच हजारांवर लेखक होते, ३३ पैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्थांची, आणि त्यातून कोण काय करत होतं हेही कळत नाही.

म्हणून मग लेखकाऐवजी योगदान सांगा हा विचार पुढे आला. वैद्यकीय जर्नलचे संपादक ड्रमंड रेनी यांनी तो १९९७ मध्ये मांडला होता. २०१४ मध्ये क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी आली, सॉफ्टवेअर, डेटा सांभाळणं, प्रयोग करणं, साधनसामग्री पुरवणं असे वेगवेगळे खाने, आणि २०२२ मध्ये तिला अमेरिकेत अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. ही यादी फक्त लेखकांपुरतीच वापरा असं तिच्यात कुठे म्हटलेलं नाही. पण पेपर पाठवताना जो फॉर्म भरतात त्यात बहुतेक ठिकाणी आधी लेखकांची नावं टाकायची आणि मग त्यांच्यासमोरच खुणा करायच्या असतात, त्यामुळे आभारातली माणसं अजून त्या जुन्या एका वाक्यातच आहेत, आणि 'हे पुस्तकातलं चुकीचं आहे' असं सांगणाऱ्याला त्या १४ खान्यांतही नीट जागा सापडत नाही.