मुद्रित साहित्यावरील संरक्षक लेप

छपाई झाल्यावर कागदाच्या पृष्ठभागावर चढवला जाणारा पारदर्शक थर. शाई घासून उडू नये, ओल आणि बोटांचा तेलकटपणा कागदात मुरू नये, घडीवर रंग फुटू नये आणि पृष्ठाला हवी ती चकाकी किंवा मऊपणा यावा, एवढी कामे त्याच्याकडून अपेक्षित असतात. छापखान्यात याचे चार मुख्य प्रकार चालतात : तेलकट वॉर्निश, पाण्यावर आधारलेले ॲक्वस कोटिंग, अतिनील किरणांनी वाळणारे यूव्ही कोटिंग आणि प्लॅस्टिक फिल्मचे लॅमिनेशन.

ऑफसेट यंत्रावर, म्हणजे प्लेटवरची शाई रबराच्या पडद्यामार्फत कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर, कागदावर बसणाऱ्या शाईचा थर जेमतेम १ ते २ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो. मॅपलिथोसारख्या साध्या कागदात ही शाई थोडी मुरते, पण आर्ट पेपरच्या गुळगुळीत पृष्ठावर ती वरच्यावर राहते आणि हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होते. काळ्या किंवा गडद निळ्या सॉलिडवर, म्हणजे सलग भरीव रंगाच्या भागावर, दुसऱ्या दिवशी अंगठा घासून पाहिला तरी बोटाला रंग लागतो. पुस्तक दुकानाच्या फळीवर, पिशवीत, वाचकाच्या मांडीवर असा अंगठा शेकडो वेळा फिरतो. लेप हवा तो यासाठी. म्हणून ‘ग्लॉस की मॅट?’ (चकचकीत की बिनचकाकीचा?) हा प्रश्न गिऱ्हाईक आणि छापखाना दोघेही सर्वांत आधी विचारत असले, तरी त्याची जागा शेवटची आहे. हा कागद कोण हाताळणार, त्याची घडी पडणार का, त्यावर कोणी लिहिणार का, तो किती दिवस टिकायला हवा आणि कोणत्या हवेत राहणार, हे ठरले की चारांपैकी दोन पर्याय आपोआप गळतात.

कागदावर लेप चढवण्याची कल्पना ऑफसेटहून पुष्कळ जुनी आहे. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवलेली असते, छापलेली नव्हे, पण पत्ते सतत हातात फिरणार म्हणून त्यांच्यावर लाखेचा थर देण्याची पद्धत याच गरजेतून आली. छापील चित्रांच्या बाबतीत महाराष्ट्रातले ठळक उदाहरण राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे. हा शिळाछाप (दगडी शिळेवरून छपाई करणारा) कारखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथून घरोघरी पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींना ओलिओग्राफ म्हणत. अनेक रंगांच्या शिळांवरून छापलेल्या चित्राला कॅनव्हाससारखा पोत द्यायचा आणि वरून वॉर्निश फिरवून तैलचित्राची झाक आणायची, ही ओलिओग्राफची रीत. शंभर वर्षांनंतर अशा अनेक तसबिरी पिवळसर-तपकिरी दिसतात, त्यात धुराबरोबर वॉर्निशचाही वाटा असतो.

हा पिवळेपणा तेलकट वॉर्निशचा जन्मजात दोष आहे. वॉर्निश म्हणजे रंगद्रव्य नसलेली शाईच. ते छपाई यंत्राच्याच एखाद्या युनिटवरून लागते, त्यामुळे वेगळे यंत्र लागत नाही आणि खर्च कमी येतो. पानातल्या फक्त छायाचित्रावर वॉर्निश द्यायचे असेल तर त्याची वेगळी प्लेट करता येते. संरक्षण मात्र बेताचेच मिळते, आणि पांढऱ्या मोकळ्या जागेवर काही वर्षांत पिवळी छटा दिसू लागते. महिनाभर चालणाऱ्या माहितीपत्रकाला ते पुरते. वॉर्निशचा उपयोग चलनी नोटांवरही होतो : रिझर्व्ह बँकेने आपल्या २०१८-१९ च्या वार्षिक अहवालात १०० रुपयांच्या वॉर्निश केलेल्या नोटा प्रायोगिक तत्त्वावर आणण्याचे जाहीर केले होते. नोटा लवकर मळून बाद होतात, हे त्यामागचे कारण.

ॲक्वस कोटिंग हे ॲक्रिलिक राळेचे पाण्यातले मिश्रण. यंत्राच्या शेवटी असलेल्या कोटिंग युनिटमधून ते पूर्ण शीटवर लागते, गरम हवा आणि अवरक्त दिव्यांखाली पाणी उडून जाते आणि काही क्षणांत शीट हाताळण्याजोगी होते. ते पिवळे पडत नाही, वास नसतो, घडीवर सहसा फुटत नाही. खालची शाई मंदपणे वाळत राहते, पण वरचा थर कोरडा असल्याने थप्पीतल्या एका शीटची शाई दुसरीच्या पाठीला लागत नाही. पातळ कागदावर पाण्यामुळे सुरकुती येते, म्हणून ते जाडसर आर्ट पेपरवर आणि कार्डवर वापरतात. औषधांच्या आणि किराणा मालाच्या खोक्यांवर बहुधा हेच असते. दिसायला साधे असल्यामुळे गिऱ्हाईक ते मागत नाही, पण माझ्या मते वाजवी दरात सर्वांत कमी त्रास देणारा लेप हाच आहे, आणि तो जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही.

यूव्ही कोटिंगमध्ये पाणी किंवा द्रावक उडून जाण्याचा प्रश्नच नसतो. ॲक्रिलेट जातीच्या द्रवावर अतिनील प्रकाश पडला की त्यातला प्रकाश-प्रारंभक नावाचा घटक साखळी जोडायला सुरुवात करतो आणि क्षणार्धात सगळा थर घट्ट होतो. काचेसारखी चकाकी इथेच मिळते. त्याबरोबर काचेसारखा ठिसूळपणाही येतो. क्रिझिंग न करता, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून न घेता, घडी घातली तर घडीच्या रेषेवर पांढरी भेग दिसते. सरस किंवा डिंक लागायच्या जागेवर यूव्ही आले तर खोके चिकटत नाही, म्हणून पेस्टिंगची पट्टी कोरी सोडावी लागते. बॉलपेन त्यावर घसरतो. शिवाय नेहमीच्या शाईवर, ती पुरती वाळण्याआधी आणि मध्ये प्रायमर (दोन्हींना धरून ठेवणारा अस्तराचा थर) न देता यूव्ही मारले, तर यंत्रातून निघताना आरशासारखी दिसणारी शीट दुसऱ्या दिवशी मंद पडलेली दिसते. संध्याकाळी यंत्रापाशी उभे राहून काम पसंत केलेल्या माणसाला सकाळी तीच थप्पी बघून छापखान्याने फसवले असे वाटते, पण दोष घाईचा असतो.

स्पॉट यूव्ही हा यूव्हीचाच प्रकार. मॅट लॅमिनेशन केलेल्या मुखपृष्ठावर फक्त शीर्षकावर किंवा चित्राच्या एखाद्या भागावर स्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून दाबून, जाड यूव्ही देतात. बोट फिरवले की अक्षर हाताला लागते. दोन रंगांमधला सांधा एखाद्या केसाएवढा हलला तरी तो फारसा दिसत नाही, चकाकीचा सांधा हललेला मात्र लगेच डोळ्यात भरतो. त्यामुळे बारीक अक्षरांवर स्पॉट यूव्ही देऊ नये. ‘ड्रिप-ऑफ’ या प्रकारात आधी एक खास वॉर्निश ठरावीक जागी छापतात. वरून सगळीकडे दिलेले यूव्ही त्या जागेवर टिकत नाही, त्याचे बारीक थेंब होतात आणि तिथे खरखरीत मॅट पोत उरतो.

लॅमिनेशन हा खऱ्या अर्थाने लेप नव्हे, ती कागदावर चिकटवलेली प्लॅस्टिकची कातडी आहे. साधारण १८ ते ३० मायक्रॉन जाडीची बीओपीपी (दोन्ही दिशांनी ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची) फिल्म थर्मल यंत्रातल्या गरम रोलरखालून शीटवर दाबली जाते. फिल्मच्या पाठीवरचा उष्णतेने वितळणारा थर डिंकाचे काम करतो. कागद फाटण्यापासून वाचवणारा पर्याय चारांमध्ये हा एकच. ग्लॉस फिल्मखाली रंग गडद आणि भरीव दिसतात, मॅट फिल्म प्रकाश विखुरते म्हणून काळा रंग किंचित राखाडी वाटतो. मॅट काळे मुखपृष्ठ हा सध्या फार आवडता प्रकार आहे, पण त्यावर नखाची रेघ आणि बोटांचे ठसे सर्वांत जास्त दिसतात. तेच हवे असेल तर ओरखडे न उमटणारी फिल्म मागून घ्यावी. वेल्वेट फिल्मचा स्पर्श पीचच्या सालीसारखा मऊ असतो. फॉइलिंग, म्हणजे सोनेरी-चंदेरी वर्खाचा ठसा, तिच्यावर छान बसते.

लॅमिनेशन बिघडण्याची दोन कारणे जवळून पाहण्यासारखी आहेत. पहिले, पावडर. ओल्या शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ऑफसेट यंत्र थप्पीवर स्टार्चची अतिबारीक पावडर उडवते. ती जास्त पडली की फिल्म आणि कागद यांच्यामध्ये प्रत्येक कणाभोवती हवेचा सूक्ष्म बुडबुडा राहतो. पांढऱ्या जागेवर काही कळत नाही, पण गडद सॉलिडवर राख भुरभुरल्यासारखी चंदेरी झाक दिसते. उजेडात शीट तिरकी धरली की ती स्पष्ट होते. डिजिटल छपाईत हाच त्रास वेगळ्या कारणाने होतो : टोनर (शाईऐवजी वापरली जाणारी रंगीत भुकटी) भाजताना वापरलेले तेल फिल्मला धरू देत नाही, आणि नेहमीच्या फिल्मऐवजी जास्त चिकट फिल्म लागते.

दुसरे कारण हवा. मुंबई आणि कोकणात जुलैमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मुखपृष्ठाच्या बाहेरच्या बाजूला फिल्म आणि आतली बाजू उघडी, अशा वेळी कागद आतूनच ओल पितो. तंतू फुगतात, आतली बाजू वाढते, फिल्म मात्र तसूभरही वाढत नाही. मग मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळते आणि टेबलावर ठेवलेले पुस्तक जबडा उघडून बसते. फिल्म ताणून किंवा फार गरम करून लावली असेल तर हे आणखी वाढते. श्रावणात प्रकाशित झालेली कितीतरी पुस्तके अशी दिसतात आणि वाचक बांधणीला दोष देतो. उपाय आहेत : कार्ड थोडे जाड घ्यावे, कागद एक-दोन दिवस यंत्राच्याच खोलीत ठेवून तिथल्या हवेला रुळू द्यावा, फिल्मचा ताण कमी ठेवावा, आणि खर्च परवडत असेल तर ओल आरपार जाऊ देणारी नायलॉनची फिल्म वापरावी. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केली. या अंकांची मुखपृष्ठे बहुधा पावसाळा सरता सरता छापली जातात, शाई दमट हवेत उशिरा वाळते आणि वितरणाची तारीख अंगावर आलेली असते. अशा घाईत यूव्हीचा हट्ट धरण्यापेक्षा ॲक्वसवर किंवा साध्या लॅमिनेशनवर थांबणे बरे.

वापर बघून निवड कशी बदलते हे घरातल्याच वस्तूंवरून दिसते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी लिहिली जाते. तारखांच्या पानाला कोणताही चकचकीत लेप देणे म्हणजे तिचा निम्मा उपयोग काढून घेणे. लग्नपत्रिकेची पहिली प्रत देवापुढे ठेवताना चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात. ग्लॉस फिल्मवर ते ओले बोट घसरते आणि कुंकू सुकल्यावर झडून पडते, लेप नसलेल्या जाड कागदावर ते वर्षानुवर्षे राहते. म्हणून पत्रिकेला लॅमिनेशनऐवजी चांगला कागद आणि थोडे फॉइलिंग द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उपाहारगृहाचे मेन्यूकार्ड दिवसातून अनेकदा ओल्या फडक्याने पुसले जाते. तिथे दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन आणि कडेला कागदाबाहेर फिल्मची थोडी किनार हवी, नाहीतर पाणी कडेतून शिरते.

मिठाईच्या खोक्याच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. २००५ मध्ये इटलीत बालकांच्या द्रव दुधात आयटीएक्स हा प्रकाश-प्रारंभक सापडला. यूव्हीने वाळणारी शाई वेष्टनाच्या बाहेरच्या बाजूला होती, पण वेष्टनाचा कागद गुंडाळीत असताना तिचा अंश आतल्या बाजूला लागला होता. तेव्हापासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी स्थलांतर न करणाऱ्या, म्हणजे आतल्या पदार्थात न उतरणाऱ्या, शाया आणि लेप वेगळे मागितले जातात. खोक्याच्या आतल्या बाजूला यूव्ही नकोच, आणि बाहेर ॲक्वस पुरत असेल तर यूव्हीची गरजही नाही.

लॅमिनेट केलेला कागद पुन्हा लगद्यात जाताना अडतो. गिरणीत कागद पाण्यात विरघळतो, फिल्म विरघळत नाही आणि गाळून काढावी लागते. ॲक्वस आणि वॉर्निशचा कागद या बाबतीत सोपा. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या एकल वापराच्या वस्तूंमध्ये निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची प्लॅस्टिक फिल्म आहे. ही बंदी वेष्टनावर आहे, पत्रिकेवर चिकटवलेल्या लॅमिनेशनवर नाही, दोन्हींची अनेकदा गल्लत होते.

जन्मदाखला, गुणपत्रिका, खरेदीखत अशा कागदांना झेरॉक्सच्या दुकानात गरम पाऊचमध्ये घालून ‘कायमचे सुरक्षित’ करण्याची सवय आपल्याकडे खोल रुजली आहे. ती मोडायला हवी. पाऊचचा डिंक तंतूंमध्ये मुरतो आणि कागद इजा न करता परत काढता येत नाही. पुढे साक्षांकनासाठी त्यावर शिक्का उमटत नाही. पावती थर्मल कागदावरची असेल तर यंत्रातून ती काळीठिक्कर होऊन बाहेर येते. अभिलेखागारांनाही हा धडा मोठी किंमत मोजून मिळाला. विसाव्या शतकाच्या मध्यात जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये बसवण्याची पद्धत जगभर चालली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यासाठी यंत्राऐवजी ॲसिटोन वापरून हाताने करायची कमी खर्चाची रीत विकसित झाली होती. पुढे अनेक ठिकाणी हेच ॲसिटेट कालांतराने आम्ल सोडू लागले. आता मौल्यवान कागद पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक फिल्मच्या मध्ये नुसता ठेवतात आणि फक्त कडा बंद करतात. आत डिंक नसतो, त्यामुळे कड कापली की कागद होता तसा हातात येतो.