गाडीत फ्लॅक हवंच का?

पेन ड्राइव्हवर गाणी भरताना हल्ली अनेकांचा आग्रह फ्लॅक या ऑडिओ फाइलच्या प्रकाराचाच असतो. तो समजण्यासारखा आहे. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट खातो. पाच मिनिटांचं गाणं सुमारे ५३ एमबीचं होतं. फ्लॅक काहीही न गमावता ते साधारण निम्म्यावर आणतं. ३२० केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटचं, एमपी३ तेच गाणं १२ एमबीत बसवतं, पण त्यातला काही भाग कायमचा टाकून देऊन.

काय टाकायचं, हे कानाच्या मर्यादेवरून ठरतं. मोठा स्वर चालू असताना त्याच्या जवळपासच्या कंपनसंख्येचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी एमपी३ घडवताना याच गुणाचा आधार घेतला.

धावत्या गाडीत हेच झाकणं टायर, इंजिन आणि वारा करतात. हायवेवर काचा बंद असल्या तरी आत ६५-७० डेसिबलची घरघर असते, तीही बहुतांशी खालच्या पट्टीत. सीडीवर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलपर्यंत अंतर मावतं. गाडीत गाणं ९० डेसिबलपर्यंत चढवलं, तरी घरघरीच्या वर उरतात जेमतेम वीस-पंचवीस. विलंबित ख्याल लावून बघा. सुरुवातीचा हलका षड्ज, तानपुऱ्याचा झणकार ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि द्रुत सुरू झालं की घाईघाईने कमी करतो. इथे फ्लॅकचा काही उपयोग नाही.

ब्लूटूथवर तर फरक आणखी पुसट होतो. फोन फाइल उलगडतो आणि गाडीकडे पाठवताना पुन्हा आवळतो. सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी पद्धतीत हा वेग साधारण ३२८ केबीपीएसपर्यंतच जातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फ्लॅक घरी, चांगल्या हेडफोनसाठी आणि मूळ प्रत म्हणून जपून ठेवावं, गाडीसाठी त्यावरूनच २५६ केबीपीएसचं एएसी (एमपी३सारखाच काही भाग टाकून आवळणारा प्रकार) किंवा ३२० चं एमपी३ करावं. उलटा प्रवास मात्र करू नये. १२८ च्या एमपी३चं फ्लॅक केलं तर फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ या फाइल-रचनेत फॉरमॅट करा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर बऱ्याच जुन्या स्टिरिओंना तो दिसतच नाही.