ग्राउंड इफेक्ट (फॉर्म्युला वन)

ग्राउंड इफेक्ट म्हणजे रेसिंग कारच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेचा दाब कमी करून गाडी रस्त्याकडे खेचून घ्यायचं तंत्र. मराठीत भूमिप्रभाव म्हणता येईल, पण रेस बघणारे सगळे ग्राउंड इफेक्टच म्हणतात म्हणून इथेही तेच ठेवलंय. विमानशास्त्रात हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो, तिकडे धावपट्टीच्या अगदी जवळ आल्यावर पंखाची उचल वाढते आणि हवेचा विरोध कमी होतो त्याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात, इकडे मात्र उचल नकोच असते, उलट दाबून धरायचं असतं. ही गल्लत फार ठिकाणी दिसते.

तत्त्व जुनंच आहे. हवा अरुंद जागेतून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हे बर्नुलीने (१७३८) आणि व्हेंचुरीने (१७९७) द्रवांच्या बाबतीत मांडलेलं. दोन कागद तोंडासमोर उभे धरून मधून फुंकर मारली की ते लांब जायच्या ऐवजी एकमेकांना येऊन चिकटतात, तेच इथे, फक्त एक कागद म्हणजे गाडीचा तळ आणि दुसरा म्हणजे रस्ता. रस्ता हलत नाही, त्यामुळे गाडीच खाली ओढली जाते. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या साइडपॉडचा (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या पेटीसारख्या भागाचा) तळ उलट्या विमानपंखासारखा घडवतात : पुढे हवा आत घेणारं तोंड, मध्ये गळा, मागे हळूहळू वर चढणारा भाग ज्याला डिफ्यूजर म्हणतात. याने मिळणारा डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर डाउनफोर्स चौपट, आणि वजन मात्र वाढत नाही. वरच्या विंगनेही डाउनफोर्स मिळतो पण ती हवेला अडवते, सरळ रस्त्यावर वेग खाते. तळाखालचा डाउनफोर्स त्या मानाने जवळजवळ फुकट, म्हणून सगळ्यांचा जीव त्यात अडकला.

पण नुसता आकार देऊन काम होत नाही. तळाखाली दाब कमी झाला की बाहेरची हवा बाजूच्या फटीतून आत घुसते आणि सगळं ओसरतं. ती फट बंद कशी करायची हा या तंत्राचा गाभा आहे आणि शोध कोणाचा हा वादही खरं तर तिथेच सुटतो.

बहुतेक ठिकाणी श्रेय सरळ ब्रिटिश टीम लोटसच्या मालकाला, कॉलिन चॅपमनला दिलेलं असतं. त्यासोबत एक गोष्टही सांगतात की दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या पंखात पुढच्या कडेला रेडिएटर बसवलेले होते, त्यावरून त्याला कल्पना सुचली. लोटस ७८ या गाडीच्या साइडपॉडमध्ये रेडिएटर पुढच्या कडेलाच होते हे खरं, पण त्यातून कूलिंगची मांडणी समजते, तळाखालचे बोगदे (म्हणजे वरची तोंड-गळा-डिफ्यूजरची वाट) नाही, म्हणून ही गोष्ट अर्धीच धरावी. दुसरं मत इंजिनिअर पीटर राइटच्या बाजूने आहे आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. राइट आणि टोनी रड हे दोघं १९६९ च्या आसपास बीआरएम या दुसऱ्या ब्रिटिश टीममध्ये असताना पूर्ण गाडीच पंखासारखी करायच्या मागे लागले होते, ते काम मध्येच बंद पडलं. पुढे १९७० च्या मार्च ७०१ या गाडीला बाजूला ज्या पेट्रोलच्या टाक्या होत्या त्यांना राइटनेच उलट्या पंखाचा आकार दिला, पण त्या जमिनीपासून बऱ्याच उंच आणि बाजू सगळ्या उघड्या, त्यामुळे उपयोग फारसा झाला नाही. म्हणजे आकार होता, फट बंद नव्हती.

याच वर्षी अमेरिकेत बरोबर उलटं घडत होतं. टेक्ससच्या जिम हॉलने कॅन-ॲम या स्पोर्ट्सकार रेसच्या मालिकेसाठी चॅपरल २जे बनवली, तिच्या मागे दोन पंखे आणि ते फिरवायला स्नोमोबाइलचं वेगळं छोटं इंजिन, आणि तळाच्या कडेला पॉलिकार्बोनेटच्या झालरी ज्या जवळपास जमिनीला टेकायच्या. पंखे तळाखालची हवा उपसून टाकायचे. वॉटकिन्स ग्लेनला जॅकी स्टुअर्टने तिच्यातून रेसमधला सर्वात वेगवान लॅप मारला. गाडी एकही रेस जिंकली नाही, वर्षअखेर तिच्यावर बंदी आली. काही जण हिलाच पहिली ग्राउंड इफेक्ट कार मानतात. काटेकोर बोलायचं तर तिथे दाब पंख्याने कमी होत होता, गाडीच्या वेगाने आणि तळाच्या आकाराने नाही, त्यामुळे तिला चुलत भावंड म्हणणं बरं. झालरीचं महत्त्व मात्र तिनेच आधी दाखवलं.

या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या लोटसमध्ये. १९७५ मध्ये चॅपमनने तोवर लोटसमध्ये आलेल्या टोनी रडकडे नव्या गाडीचं काम सोपवलं, रडच्या हाताखाली राइट, आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये, जिथे मॉडेलखाली फिरता पट्टा होता, चाचण्या चालू झाल्या. तिथे आकडे काही केल्या स्थिर येईनात, प्रत्येक वेळी वेगळेच. बारकाईने बघितल्यावर लक्षात आलं की हवेचा वेग वाढला की मॉडेलचे साइडपॉड खाली वाकतायत आणि जमिनीजवळ जातील तसा डाउनफोर्स वाढतोय. मग साइडपॉड तारेने बांधून सरळ केले आणि कडेची फट पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकली तर डाउनफोर्स एकदम उसळला. इतक्या मोठ्या बदलाची सुरुवात एका लोंबणाऱ्या मॉडेलपासून आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यापासून झाली, हे या विषयातलं सर्वात लक्षात ठेवण्यासारखं. चॅपमनने ते ओळखलं, पैसे आणि वेळ दिला, हे त्याचं श्रेय कोणी काढून घेऊ नये, पण शोधक म्हणून एकच नाव लिहायचं तर राइटचं लिहावं.

लोटस ७८ रेसमध्ये उतरली १९७७ मध्ये. कडेला आधी ब्रशसारख्या केसाळ झालरी होत्या, त्यातून हवा गळायची, मग वर-खाली सरकणारे ताठ स्कर्ट आले जे रस्त्याला घासत चालायचे. पुढची लोटस ७९ बेल्जियमला झोल्डरमध्ये १९७८ ला पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेसला आली आणि लगेच जिंकली, आणि त्या वर्षी मारिओ अँड्रेट्टी वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याचा टीममेट रॉनी पीटरसन मोन्झाच्या अपघातानंतर मरण पावला, त्या दिवशी तो जुनी ७८ चालवत होता कारण त्याची ७९ सकाळी वॉर्म-अपमध्ये खराब झाली होती.

ब्रॅबम टीमची अडचण वेगळी होती. त्यांचं अल्फा रोमिओ इंजिन आडवं पसरलेलं, बाजूला बोगद्याला जागाच नाही. त्यांच्या डिझायनर गॉर्डन मरेने मग चॅपरलची वाट धरली आणि बीटी४६बी या गाडीच्या मागे एक मोठा पंखा लावला, सांगायला तो इंजिन थंड करायला. १९७८ च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये, अँडरस्टॉर्पला, निकी लाउडा ३४ सेकंदांनी जिंकला. निकाल कायम राहिला पण गाडी परत कधी फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये आली नाही.

१९७९ पासून सगळेच या मागे लागले. विल्यम्स एफडब्ल्यू०७ ने लोटसचीच कल्पना जास्त ताठ आणि नीटनेटक्या चासीवर बसवली आणि १९८० मध्ये ॲलन जोन्सला चॅम्पियन केलं. खुद्द लोटस मात्र लोटस ८० मध्ये फसली, झालरी पार पुढून मागेपर्यंत नेल्या, त्या अडकायच्या आणि गाडी वर-खाली उड्या मारायची. या उड्यांना पॉर्पॉइझिंग म्हणतात : तळ जमिनीजवळ गेला की ओढ वाढते, फारच जवळ गेला की हवेचा प्रवाह तुटतो, ओढ सुटते, गाडी वर येते आणि परत तेच.

१९८१ ला सरकत्या झालरींवर बंदी आली आणि तळ जमिनीपासून किमान ६ सेंटिमीटर वर हवा असा नियम झाला. मोजणी गाडी उभी असताना व्हायची, म्हणून ब्रॅबमने वेगात आपोआप खाली बसणारं सस्पेन्शन काढलं, बाकीच्यांनीही लगोलग तेच केलं. सस्पेन्शन इतकं कडक करावं लागायचं की प्रत्येक खड्डा ड्रायव्हरच्या पाठीत जायचा. १९८२ मध्ये ड्रायव्हर जिल विलनव्ह झोल्डरच्या अपघातात मरण पावला, दिदिए पिरोनीचं करिअर हॉकेनहाइमच्या अपघाताने संपलं, आणि १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला. बंदी सुरक्षेसाठी की राजकारणासाठी यावर मतभेद आहेत. हे दोन्ही अपघात दुसऱ्या गाडीवर आदळून झाले होते, आणि जास्त ताकदीच्या टर्बो इंजिनवाल्या फेरारी-रेनॉविरुद्ध कॉसवर्थ इंजिनवाल्या ब्रिटिश टीमांकडे टिकून राहायला मुख्य शस्त्र डाउनफोर्सच होतं, हे विसरून चालत नाही. तरी वळणावरचे वेग ज्या झपाट्याने वाढत होते आणि झालर अडकली की सगळी पकड एका क्षणात जायची ते बघता सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं. दोन्ही खरं असं मानणं योग्य.

त्यानंतरही मागचा डिफ्यूजर राहिला, २००९ चा ब्रॉन टीमचा डबल डिफ्यूजर त्यातलाच. पोर्शे ९५६ ही लांब पल्ल्याच्या रेसची गाडी आणि अमेरिकेतली इंडीकार मालिका यांमध्ये तर बोगदे चालूच होते.

२०२२ मध्ये फॉर्म्युला वनने बोगदे परत आणले, या वेळी कारण वेगळं होतं : मागच्या गाडीला गढूळ (पुढच्या गाडीने ढवळलेली) हवा कमी मिळावी आणि ओव्हरटेक व्हावं. एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) आकड्यांप्रमाणे पुढच्या गाडीच्या १० मीटर मागे आधी ४६ टक्के डाउनफोर्स जायचा तो १८ टक्क्यांवर येणार होता. झालरींना मात्र परवानगी नव्हती, म्हणून टीमांनी गाडी शक्य तितकी खाली बसवून फट बुजवली आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या उड्या जशाच्या तशा परत आल्या. बाकूला रेस संपल्यावर लुईस हॅमिल्टन पाठ धरून कॉकपिटमधून कसाबसा बाहेर आला ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी बेल्जियमच्या स्पा रेसपासून उड्या मोजायचं माप लागू झालं आणि २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर उचलल्या. २०२६ च्या नियमांत लांब बोगदे काढून तळ पुन्हा बराचसा सपाट केलाय.